कूलरचा सूर

माझ्या पेशंटच्या तोंडून पहिली शिवी बाहेर पडली की मी पेढे मागायची. नातेवाईक बिचारे शरमेनं जमिनीत गडप व्हायच्या बेतात असायचे आणि मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत असायची. त्यांना वाटे, मॅडमचं डोकं ठिकाणावर नाही. पण शिवी आली म्हणजे दार किलकिलं झालं, आता मागून बाकीचे शब्दही येतील, हे मला अनुभवानं ठाऊक झालं होतं.

माझा व्यवसाय वाचोपचाराचा. लकवा मारल्यावर, डोक्याला मार लागल्यावर ज्यांचं बोलणं जातं, त्यांचं ते परत आणायचं काम. नागपुरात या कामाला नाव नव्हतं आणि अजूनही फारसं नाही. धंतोलीतल्या ज्या हॉस्पिटलात मी आयुष्य काढलं, तिथे लिफ्टवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळे मला ‘बोलण्यावाल्या मॅडम’ म्हणत. माझ्या नवऱ्याच्या मते हे नाव मला हॉस्पिटलबाहेरही तंतोतंत लागू पडतं.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावणं सोपं आहे. एखाद्याचं नाव अगदी जिभेवर असतं आणि काही केल्या आठवत नाही, तेव्हा तुमची कशी तडफड होते? माझ्या पेशंटची तशी तडफड प्रत्येक शब्दासाठी होते. पाणी, चहा, बायकोचं नाव, सगळं आत आहे, बाहेर येत नाही. माणूस वेडा झालेला नसतो, बहिरा नसतो. त्याला सगळं समजत असतं आणि लोक त्याच्याशी मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत असतात. या एका गोष्टीवरून मी किती नातेवाइकांशी भांडले असेन त्याला गणती नाही.

आता यातली गंमत ऐका. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, तो कधीकधी आकडे घडाघडा म्हणतो, वार म्हणतो, लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणतो, गाणं म्हणतो. आणि शिव्या देतो. जे आपण विचार न करता, वर्षानुवर्षं तोंडातून काढलेलं असतं, ते दुसऱ्याच वाटेनं येतं. मोठा रस्ता बंद पडला तरी ही गल्ली बहुधा उघडी राहते. त्यामुळे पेशंट समोर आला की मी आधी शोधायची ती त्याची गल्ली. कळमन्याचे एक संत्र्यांचे अडते होते, मोठे धार्मिक, कपाळाला गंध. ते महिनाभर मुके होते आणि एका सकाळी त्यांनी माझ्याकडे बघून मार्केट यार्डातली अशी अस्सल शिवी हासडली की बाहेरचे पेशंट दारात जमले. त्यांच्या पत्नी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “मॅडम, यायले असं बोलायची सवय नव्हती हो.” मी म्हटलं, काकू, सवय नसती तर आलं नसतं. पुढे ते उत्तम बोलू लागले आणि मला दर हंगामात संत्र्यांची पेटी येऊ लागली.

पण दानियल साळवे यांच्या तोंडात शिवीच नव्हती. आयुष्यात कधी दिलीच नव्हती, तर येणार कुठून?

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. साळवेकाका खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, भरदार छातीचे गृहस्थ. उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून एक शब्द येत नव्हता. त्यांना घेऊन यायची त्यांची मुलगी रूथ. ती शाळेत शिकवायची, दुपारची शाळा सुटली की वडिलांना ऑटोत घालून माझ्याकडे आणायची. नाताळ झाला आणि रूथची आई मार्थाबाई अचानक गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच काकांना लकवा मारला. एकाच घरावर एका थंडीत दोन घाव.

रूथ खंबीर मुलगी होती. औषधं, व्यायाम, बिलं सगळं चोख. तिला वडील बोलावेत असं वाटत होतं, पण तिची खरी टोचणी वेगळी होती आणि ती तिनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिन्यात मला थांबवून सांगितली. म्हणाली, “मॅडम, पप्पा रोज संध्याकाळी दाराकडे पाहत बसतात. मम्मी गेली हे त्यायले आठवते का नाही, तेच मले समजून नाही राहिलं. सांगू का नको सांगू? आठवत नसन तर मी दुसऱ्यांदा कशी सांगू?” मार्थाबाईंना मातीत ठेवलं तेव्हा काका शुद्धीत होते, सगळ्यांबरोबर उभे होते. पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही आणि एक शब्द बोलले नाहीत. मग लकवा आला आणि विचारायची सोयच गेली. आईसाठी वडिलांबरोबर एकदा रडावं, एवढीच त्या मुलीची मागणी होती, आणि ती कुठल्या चिठ्ठीवर लिहून मिळणारी नव्हती.

मी कामाला लागले. आकडे म्हणून पाहिले, आले नाहीत. वार आले नाहीत. शिवीचा प्रश्नच नव्हता. मी रूथला विचारलं, घरी काय म्हणायचे? ती म्हणाली, गीतं. दोघं नवराबायको मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, गायनमंडळात लग्नाच्या आधीपासून होते, किंबहुना लग्न तिथेच जमलं. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. गाणं म्हणजे तर माझी सर्वांत आवडती गल्ली! डावा हात धरून, ठेक्यावर हलकेच थोपटत, पेशंटबरोबर गायचं. आधी सूर येतो, सुराला धरून शब्द येतो. रूथनं सांगितलं, मम्मीचं आवडतं गीत एक होतं, त्यांच्याच मंडळीतल्या जुन्या कुणा मास्तरांनी रचलेलं. तिनं मोबाइलवर आईच्या आवाजातलं गाणं ऐकवलं. ‘दिवस सरला, वाट सरली, हात माझा धर, प्रभू.’ सोपी, उंच जाणारी, ऐकताच पाठ होणारी चाल. मी लहानपणी थोडी पेटी शिकले होते, तेवढ्या पुंजीवर मी ती घरी भाजी चिरताना बसवली. नवऱ्यानं विचारलं, धर्म बदलतेस की काय? मी म्हटलं, पेशंट बोलला तर तेही करीन.

दुसऱ्या दिवशी काकांचा डावा हात हातात घेतला, थोपटायला लागले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीनंतर खोलीत कसलीतरी घरघर सुरू झाली. एप्रिलचे दिवस होते. मी शिपायाला हाक मारली, की बाबा, तो कूलर जरा बंद कर, मला ऐकू येत नाही. तो म्हणाला, “मॅडम, कूलर तं अजून लावलाच नाही.”

घरघर काकांची होती. छातीच्या तळातून, ओठ मिटून, एकाच सुरावर, जड. दोन ओळी झाल्या तरी तोच सूर, मग जरा खाली, मग पुन्हा तोच. माझी चाल वर चढली तेव्हा ते ढिम्म हलले नाहीत. मी थांबून हातानं ‘वर, वर’ असं दाखवलं. ते पुन्हा तेच. मी पुन्हा वर. रूथ ओशाळून म्हणाली, “घरीही दिवसभर असेच घुमत राहतात, मॅडम. कूलरसारखे.” आठवडाभर मी हे केलं आणि शेवटी केसपेपरवर लिहिलं, चाल धरता येत नाही, सुराचं भान गेलं. ते लिहीत असताना काकांनी डाव्या हातानं टेबलावर असा दणका दिला की माझा चष्मा पडला. मग तोंड भिंतीकडे फिरवून बसले.

चिडलेला पेशंट मला आवडतो, चिडायला जीव लागतो. पण माझी गल्ली बंद निघाली, याचा मला भयंकर राग आला होता. मी रूथला सांगितलं, काकांबरोबर गाणारं कुणी असेल तर घेऊन ये. माझा बेत असा की चार लोकांनी चाल कानावर आदळली तर हे गृहस्थ कंटाळून का होईना, तिच्यात येतील.

शनिवारी दोघं आले. विल्सन मास्तर, म्हणजे गायनमंडळाचे प्रमुख, काकांचे बालमित्र, बोलण्यात अघळपघळ. आणि एस्तेरबाई, केसांत मोगरा माळलेल्या, फार हळू बोलणाऱ्या. मास्तरांनी आल्याआल्या काकांच्या खांद्यावर हात ठेवला, “जय ख्रिस्त, दान्या,” म्हणाले. काकांनी त्यांचं बोट धरून ठेवलं.

मी मास्तरांना विचारलं, मार्थाबाईंच्या वेळी काका गायले होते का? तेव्हा त्यांनी मला एक रीत सांगितली. त्यांच्या मंडळीत कुणी प्रभूमध्ये निजलं की गायनमंडळ त्या घरी जाऊन गातं, रोज संध्याकाळी. आमच्याकडे अशा घरात एकतर रडणं असतं नाहीतर सुन्न शांतता, मला ऐकूनच नवल वाटलं. पण ज्याच्या घरी दुःख आहे त्यानं गायचं नसतं. त्यानं नुसतं ऐकायचं. बाकीच्यांनी त्याच्यासाठी गायचं. “मग त्यानं कधी गायचं?” मी विचारलं. मास्तर म्हणाले, “त्याले वाटन तेव्हा. आम्ही विचारत नाही. तो आपला येते आन् उभा राहते.” साळवेकाका उभे राहण्याआधीच लकव्यानं पडले होते.

रूथनं त्याच रीतीला धरून गायला नकार दिला. एक आवाज कमी पडला, तर मी म्हटलं, मी आहे की. मास्तरांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मी काकांचा हात धरला, मास्तरांनी मान हलवली, आणि आम्ही तिघांनी सुरू केलं. मला वाटलं होतं तिघं एकच चाल म्हणू. पण एस्तेरबाई माझ्या खालून निघाल्या, मास्तर त्यांच्याही खालून भलतंच काही गाऊ लागले. मी घाबरून कानात बोट घातलं आणि माझी चाल गच्च धरून राहिले.

आणि तेवढ्यात काकांची घरघर सुरू झाली.

कसं सांगू! मी आजवर हे पन्नास जणांना सांगितलं आहे आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. तोच सूर, तोच जड, न हलणारा, आठवडाभर मी चुकीचा म्हणत होते तो. तो खाली आला आणि आमच्या तीन वेगवेगळ्या आवाजांखाली जमीन आली. माझी चाल वर चढली, ते तसेच राहिले आणि त्यामुळेच ती चढली आहे हे कळलं. ते खाली उतरले तेव्हा ओळ संपली. मी गाणं सोडून ओरडले, थांबा, थांबा, थांबा! सगळे दचकले. मी मास्तरांना गप्प केलं, एस्तेरबाईंना गप्प केलं, फक्त काका आणि मी. मग मी गप्प, फक्त काका आणि मास्तर. एकेक आवाज काढून, घालून पाहिला. काकांचा सूर एकाही जागी चुकत नव्हता.

“हे चाल म्हणतच नाहीयेत,” मी म्हटलं.

“दान्यानं चाल कधी म्हटली?” मास्तर उलट मलाच चकित होऊन म्हणाले. “हा बास आहे, मॅडम. खालचा आवाज. जन्मभर तेच गायला. चाल तं मार्थाबाई म्हणे.”

रूथनं कपाळावर हात मारून घेतला. ती भिंतीला टेकली आणि हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. घरी रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी तिची आई गाणं उचलायची, तेव्हा नवऱ्याला म्हणायची, चला, तुमचा कूलर लावा. तो शब्द रूथला आईकडूनच मिळाला होता. पण वरचं गाणं बंद झाल्यावर खालचा सूर तिनंही ओळखला नव्हता. एकट्याचा बास तिनं जन्मात कधी ऐकलाच नव्हता. कुणीच ऐकत नाही. तो माणूस दोन महिने घरात बसून, दाराकडे बघत, आपला वाटा गात होता आणि बाकीचे कधी येतात याची वाट पाहत होता. आणि मी त्याला ‘वर, वर’ म्हणून हात दाखवत होते!

आम्ही पुन्हा गायलो. या गीतात एक जागा अशी आहे की ‘हात माझा धर’ म्हणून वरचे आवाज लांब थांबतात आणि खालचा एकटा दोनदा म्हणतो, ‘हात धर, हात धर’. ती जागा आली. आम्ही थांबलो. मी त्यांचा हात खरोखरच धरून बसले होते. काकांचे मिटलेले ओठ उघडले. प्रथम नुसता श्वास आला, मग ‘धर’. पुढच्या कडव्यात ‘हात धर’. चौथ्या कडव्यापर्यंत दोन्ही वेळा, स्वच्छ, घोगऱ्या भरदार आवाजात, शब्दांसकट. शिपाई दारात उभा, त्याच्यामागे दोन नर्स, त्यांच्यामागे कुणाकुणाचे नातेवाईक. मी रडत होते आणि गात होते, त्यामुळे चालीचं जे काय झालं असेल ते प्रभूच जाणे.

गीत संपलं. काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या डावीकडे बसले होते, चाल म्हणणाऱ्या बाईच्या जागी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले,

“मार्था... नाही.”

मला क्षणभर वाटलं, माझ्या गाण्यावर शेरा आहे, आणि तो रास्तच होता. मग मी रूथचं तोंड पाहिलं. ती खुर्चीवरून उठून वडिलांच्या गुडघ्यांशी खाली बसली होती. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हटलं, हळू, सुरात नव्हे, साध्या बोलण्यात, “मार्था नाही.” त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग बापलेक जे रडले, ते आम्ही थांबवलं नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर आल्यावर मी केसपेपर मागून घेतला, ‘सुराचं भान गेलं’ ही ओळ खोडली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बास’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, उपचार बंद केले का?

पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा सापडली होती. शनिवारी गायनमंडळ यायचं, बाकीच्या दिवशी मी मोबाइलवर वरचे तीन आवाज लावायची आणि काका खालचा घालायचे. गीतातले शब्द सुटे करून बोलण्यात आणले. ‘हात धर’ वरून ‘हात धू’, ‘दार धर’, ‘चहा धर’. रूथनं एकदा भाजी अळणी केली तेव्हा काकांनी मीठ मागितलं. आणि पावसाळ्यात एका शनिवारी मास्तर उशिरा आले, तेव्हा साळवेकाका त्यांच्याकडे बघून ठणठणीत म्हणाले, “गाढवा.” मास्तर म्हणाले, साठ वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा. मी पेढे मागितले नाहीत, स्वतःच आणले, आणि अख्ख्या मजल्याला वाटले.

सगळं काही परत आलं असं मी म्हणणार नाही. काका आजही तीन-चार शब्दांच्या पुढे अडखळतात, उजवा हात तसाच आहे. आणि त्यांच्याआधी माझ्याकडे कितीतरी माणसं आली होती, भजनात मागे उभी राहून झील धरणारी, सनईच्या मागे सूर भरणारी. त्यांतल्या कुणाला मी ‘चाल म्हणा’ म्हणून हात वर केला असेल का, हा विचार मला अधूनमधून येतो आणि चैन पडू देत नाही.

मार्थाबाईंना वर्ष झालं तेव्हा दफनभूमीत स्मरणाची प्रार्थना होती. मला आमंत्रण होतं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, थडग्यावर शेवंतीची फुलं. मी जरा मागे, फाटकापाशी उभी राहिले. ज्या ऑटोतून काका आले तो ऑटोवाला माझ्या शेजारीच उभा होता. त्या दिवशी रूथ पहिल्यांदा गायला उभी राहिली, आईच्या जागी. हुबेहूब तोच आवाज. मास्तर, एस्तेरबाई, बाकीचं मंडळ, आणि काठी टेकून उभे असलेले काका. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात ‘हात माझा धर’वर रूथचा आवाज फुटला आणि ती थांबली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. एकेक आवाज बंद झाला.

एक बंद झाला नाही. ‘हात धर, हात धर’, आणि पुढे, शेवटच्या ओळीपर्यंत, तोच एक जड, सपाट सूर. रूथ डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. माझेही हलत होते. वरची अख्खी चाल मला ऐकू येत होती.

ऑटोवाल्यानं मला हळूच विचारलं, “मॅडम, काका एकटेच काय पुटपुटून राहिले?”

“पुटपुटून नाही गा,” मी म्हटलं. “गाऊन राहिले.”